त्रोगीरहून यॉट चार्टर करायचीय? व्हिसापासून बोट परत देईपर्यंत कामं या क्रमाने करा

क्रोएशियात बोट भाड्याने घ्यायची आणि आठवडाभर बेटं फिरायची, असा बेत आता आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुपमध्ये शिजतो. पुण्या-मुंबईत शिजतो तसा जर्मनी, यूके, दुबईतल्या मराठी मंडळींमध्येही शिजतो, आणि बहुतेकांची गडबड एकाच जागी होते. आधी बोटीचा फोटो आवडतो, मग ॲडव्हान्स भरला जातो, आणि त्यानंतर कोणीतरी विचारतं की अरे आपण नक्की किती जण, व्हिसा कधी, आणि ही बोट चालवणार कोण. काम अवघड नाहीये, फक्त क्रम उलटा लागला की पैसे अडकतात आणि सुट्टीचे पहिले दोन दिवस वाया जातात.

उदाहरणासाठी मी त्रोगीर घेतलंय. क्रोएशियाच्या दाल्मेशियन किनाऱ्यावरचं हे जुनं गाव एका चिमुकल्या बेटावर वसलंय, एका बाजूला पुलाने मुख्य जमीन आणि दुसऱ्या बाजूला पुलानेच चिओवो बेट. स्प्लिटचा विमानतळ प्रत्यक्षात स्प्लिटपेक्षा त्रोगीरलाच जवळ आहे, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. आजूबाजूला मोठ्या मरीना, म्हणजे अशा बोटी बांधून ठेवायची बंदरं, आहेत आणि तिथून शोल्ता, ब्राच, ह्वार, विस ही बेटं एका आठवड्यात आरामात होतात. स्प्लिटहून निघणार असाल तरी खालचं जवळपास सगळं लागू पडेल.

१. आधी माणसं पक्की करा, बोट नंतर

"आठ बर्थची बोट" असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यात सहसा सलूनमधलं, म्हणजे जेवायच्या टेबलाचं रूपांतर करून होणारं डबल बेडही धरलेलं असतं. म्हणजे तीन केबिन, सहा माणसं, आणि उरलेली दोघं ये-जा चालू असलेल्या जागेत झोपणार. त्यात स्किपर, म्हणजे बोट चालवणारा पगारी कप्तान, घेतला तर तोही माणूसच आहे, त्याला झोपायला जागा लागते. आठ जणांनी आठ बर्थची बोट घेतली आणि स्किपर नववा, ही सगळ्यात कॉमन चूक आहे आणि ती कळते शनिवारी संध्याकाळी, धक्क्यावर.

हिशोब साधा ठेवा. प्रत्येक जोडप्याला एक केबिन, आई-बाबा असतील तर त्यांना एक, स्किपरला एक. मुलं सलूनमध्ये चालतील. म्हणजे तीन जोडपी आणि दोन मुलं असतील तर चार केबिनची बोट. काही बोटींना अगदी पुढच्या टोकाला स्किपरसाठी छोटी खोली असते, वरच्या झाकणातून शिडीने उतरायची. ती आहे का ते विचारा, असली तर एक केबिन वाचते.

याच वेळी दोन प्रश्न ग्रुपवर टाका: पोहता कोणाला येत नाही, आणि गुडघे कोणाचे दुखतात. बोटीत चढताना फळीवरून चालावं लागतं, खाली केबिनमध्ये उभ्या पायऱ्या असतात, आणि पाण्यातून वर यायला शिडी. आजी-आजोबांना नेऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही, उलट न्याच, पण मग बोट त्यांच्या सोयीने निवडा.

तपासा: पासपोर्टवर असतात तशीच नावं, जन्मतारखा आणि पासपोर्ट नंबर एका शीटमध्ये आले का? ही शीट पुढे तीन ठिकाणी लागणार आहे.

२. तारखा

चार्टर शनिवार ते शनिवार असतं. हंगामाच्या कडेला एखादी कंपनी कमी दिवसांना देते, पण त्यावर बेत बांधू नका.

जुलै-ऑगस्ट टाळता आले तर टाळा. ऊन कडक, भाडं सगळ्यात जास्त, आणि दुपारी चारनंतर चांगल्या खाडीत बांधायला जागा मिळत नाही. आपल्या शाळांच्या सुट्ट्यांना मेचा शेवट आणि जूनचा पहिला आठवडा जुळतो. भाडं कमी असतं, गर्दी नसते, फक्त पाणी थोडं गार लागतं, लहान मुलं दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात. सप्टेंबर माझ्या मते सगळ्यात उत्तम, कारण समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो आणि गर्दी ओसरलेली असते, पण घरी गणपती असतील तर त्या वर्षीची चतुर्थी कधी येते ते बघूनच आठवडा धरा. दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार सोडून द्या, तोपर्यंत हवा बेभरवशाची होते आणि बेटांवरची निम्मी हॉटेलं बंद झालेली असतात.

३. कुठली बोट, आणि चालवणार कोण

तीन प्रकार आहेत. शिडाची एकपोटी बोट स्वस्त, पण वारा भरला की एका बाजूला कलते. ते बिघाड नाही, तिची चालच तशी असते. कॅटामरान दोन पोटांची, कलत नाही, जागा भरपूर, म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर हीच, फक्त भाडं बरंच जास्त आणि मरीनातही तिचे जास्त पैसे पडतात. तिसरा प्रकार गुलेट, म्हणजे मोठी लाकडी बोट, कॅप्टन आणि स्वयंपाकी सकट. तीन-चार कुटुंबं एकत्र जाणार असाल आणि कोणालाच काम करायचं नसेल तर गुलेट बघा.

आता स्किपर. क्रोएशियात बोट स्वतः चालवायची तर चालवणाऱ्याकडे तिथे मान्य असलेलं लायसन्स लागतं आणि बोटीवर एकाकडे तरी व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरून बोलायच्या, रेडिओचं प्रमाणपत्र लागतं. "माझा मित्र गोव्यात बोट चालवतो" याला तिथे काही अर्थ नाही, हार्बरमास्टर, म्हणजे बंदराचा अधिकारी, कागद बघतो. तुमच्याकडे लायसन्स असेल तर त्याचा स्कॅन पैसे भरायच्या आधी कंपनीला पाठवा आणि हे चालेल असं ईमेलवर लिहून घ्या. आणि लायसन्स असलं, पण इंजिन रिव्हर्समध्ये टाकून बोट मागे-मागे नेत धक्क्याला लावायची सवय नसेल, तरी पहिल्या खेपेला स्किपर घ्या. भूमध्य समुद्रात बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत, पाठ लावून उभी करतात, दोन्ही बाजूंना लाखो युरोच्या बोटी, मधे तुम्ही, आणि बाजूने वारा. ते शिकायची जागा सुट्टी नव्हे.

स्किपरचा खर्च साधारण दिवसाला दोनशे युरोच्या आसपास धरा, हंगामात वर जातो. त्याचं जेवणखाण आपल्याकडे असतं. त्याचं काम बोट चालवणं, स्वयंपाक किंवा भांडी नाही. ते हवं असेल तर होस्टेस वेगळी घ्यावी लागते, आणि तिलाही झोपायला जागा लागते, म्हणजे परत पहिल्या पायरीवरचा हिशोब.

४. ऑप्शन, करार, पैसे

बोट आवडली की लगेच पैसे भरू नका. एजंटला "ऑप्शन" टाकायला सांगा. म्हणजे काही दिवस ती बोट तुमच्या नावाने राखून ठेवतात, बहुतेक वेळा फुकट. त्या दिवसांत ग्रुपमधल्या प्रत्येकाकडून आपापला हिस्सा जमा करून घ्या. "मी येतोय नक्की" यावर करार करू नये, माणसं गळतात आणि बोटीचं भाडं तेवढंच राहतं.

करार आला की या गोष्टी वाचा, जाहिरातीतल्या आकड्यात त्या सहसा नसतात:

- चार्टर पॅकेज किंवा ट्रान्झिट लॉग. साफसफाई, चादरी, गॅस वगैरे मिळून एक ठरावीक रक्कम, ती सक्तीची असते.
- पर्यटन कर, माणशी आणि रात्रीप्रमाणे.
- डिंघी, म्हणजे छोटी रबरी होडी, ही असतेच, पण तिचं इंजिन बऱ्याचदा वेगळ्या पैशांनी. ते घ्याच. वल्ह्यांनी किनारा गाठायचा म्हणजे सगळ्यांचा मूड जातो.
- डिपॉझिट. बोटीच्या आकाराप्रमाणे दीड हजारापासून चार हजार युरो किंवा त्याहून जास्त. चेक-इनला क्रेडिट कार्डावर ब्लॉक करतात. त्याऐवजी थोडे पैसे भरून, जे परत मिळत नाहीत, डिपॉझिट कमी करायची सोय बऱ्याच कंपन्या देतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ती घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.
- डिझेल आणि मरीनाचं भाडं. दोन्ही तुमच्याकडेच.
- व्हिसा नाकारला गेला तर काय? करारात काहीच नसेल तर विचारा. तारीख पुढे ढकलून देतील का, नावं बदलता येतील का, ते लेखी घ्या.

साधारणपणे अर्धी रक्कम बुकिंगला आणि उरलेली चार ते सहा आठवडे आधी असा हप्ता असतो. भारतातून पाठवत असाल तर पैसे एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, जातात, पॅन लागतो, आणि बँक किंवा एजंट टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापू शकतो. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, म्हणून पावती जपा आणि पैसे एकाच्या नावाने गेले असतील तर ग्रुपमध्ये तसा हिशोब लिहून ठेवा.

इथे चुकतं: करारावर "त्रोगीर" लिहिलंय म्हणून गावातल्या मरीनात टॅक्सी नेतात. जुन्या गावासमोर चिओवोच्या बाजूला एसीआय मरीना आहे, सेगेत दोन्यीला बाओतिच मरीना आहे, आणि विमानतळाच्या पलीकडे, स्प्लिटच्या दिशेने कश्तेलाची मरीना. तिन्हींच्या आसपास चार्टरवाले आहेत. करारातलं मरीनाचं नाव आणि धक्क्याचा नंबर नकाशावर टाकून बघा.

तपासा: डिपॉझिट ज्या कार्डावर ब्लॉक करणार त्यावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का, लिमिट पुरेसं आहे का? आपल्या कार्डांवर हा पर्याय मुळात बंद असतो, बँकेच्या ॲपमधून चालू करावा लागतो. फोरेक्स कार्ड डिपॉझिटला चालेल का ते आधीच विचारा, बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

५. व्हिसा

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. जुने लेख वाचून कुना शोधत बसू नका. भारतीय पासपोर्टवाल्यांना शेंगेन व्हिसा लागतो. यूकेत राहत असाल, अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल, दुबईचा रेसिडन्सी असेल, तरी पासपोर्ट भारतीय आहे म्हणजे व्हिसा लागणारच. जर्मनी, नेदरलँड्सचा वगैरे वैध राहण्याचा परवाना असेल तर मात्र वेगळा व्हिसा नको.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी व्हायला हवा, पण त्या १५ दिवसांवर विसंबू नका. अपॉइंटमेंट मिळायलाच उन्हाळ्यात वेळ जातो आणि निर्णय ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. जूनमध्ये जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये फाइल आत गेलेली बरी. प्रौढांसाठी फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, व्हिसा सेंटरचे पैसे वेगळे. विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा.

बोटीच्या सुट्टीत गोंधळ होतो तो राहण्याच्या पुराव्यावर. अर्जात हॉटेल मागतात आणि तुमच्याकडे बोट असते. चार्टरचा सही केलेला करार, भरलेल्या पैशांची पावती आणि सगळ्यांची नावं असलेली क्रू लिस्ट असं तिन्ही लावा. करार एकाच्याच नावावर असतो, त्यामुळे बाकीच्यांच्या फाइलमध्ये क्रू लिस्ट नसेल तर त्यांच्या राहण्याचा पुरावाच नाही असं होतं. कव्हर लेटरमध्ये दिवसागणिक लिहा: अमुक रात्र त्रोगीरमध्ये हॉटेल, मग सात रात्री बोट, ही बेटं. आणि सगळ्यात जास्त रात्री ज्या देशात, त्याच देशाकडे अर्ज.

६. विमान आणि आदली रात्र

मुंबईहून स्प्लिटला थेट विमान नाही. एक किंवा दोन ठिकाणी बदलावं लागतं, आणि बॅगा हमखास मागे राहतात त्या अशाच प्रवासात. म्हणून शुक्रवारी पोचा, त्रोगीरच्या जुन्या गावात एक रात्र राहा. शनिवारी सकाळी बॅग आली नाही तर अजून दिवस हातात असतो, बोट निघून गेली की बॅग तुमच्या मागे बेटाबेटांवर फिरणार नाही. शिवाय गाव बघायला तीच संध्याकाळ खरी. १२४० चं रादोवानचं कोरीव द्वार कॅथेड्रलला आहे, त्यासाठी अर्धा तास काढाच.

परतीचं विमान शनिवारी दुपारनंतरचं घ्या. बोट सकाळी नऊच्या सुमाराला रिकामी करावी लागते.

७. सामान आणि खाणं

कडक सूटकेस नकोत. बोटीवर त्या ठेवायला जागाच नसते, केबिनमध्ये सूटकेस ठेवली तर माणूस बाहेर राहतो. घडी होणाऱ्या सॅक किंवा डफल बॅगा आणा. पांढऱ्या तळव्याचे किंवा डेकवर काळे डाग न पाडणारे बूट, पाण्यात घालायचे रबरी बूट (खडकांवर काटेरी सागरी अर्चिन असतात, पायात काटा मोडला की दोन दिवस लंगडावं लागतं), टोपी दोरीवाली, आणि रात्री गार वाऱ्यासाठी एक जाकीट. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आणा आणि निघायच्या आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

आता खाण्याचं, कारण आपल्या ग्रुपचं अर्धं डोकं यात जातं. युरोपियन युनियनमध्ये प्रवाशांना बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पनीर, पेढे, खव्याची मिठाई, दूध पावडर घरीच. ताजा भाजीपाला आणि फळंसुद्धा प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, म्हणजे कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि मे-जूनमध्ये जाणाऱ्यांची लाडकी हापूसची पेटी, हे सगळं नाही. नारळ मात्र चालतो, तो सूट दिलेल्या मोजक्या फळांत आहे. गोडा मसाला, मेतकूट, पोहे, रवा, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, डाळ-तांदूळ हे पॅकबंद, लेबल लावून नेलंत तर सोपं जातं. लोणच्याची बरणी न्यायची असेल तर दोन पिशव्यांत, चेक-इन बॅगेत.

बोटीवर दोन किंवा तीन बर्नरचा गॅस असतो, ओव्हन छोटा. मिक्सर, इंडक्शन, इलेक्ट्रिक कुकर नेऊ नका. समुद्रात बोट १२ व्होल्टवर चालते, २२० व्होल्ट मिळतात ते मरीनात केबल लावल्यावरच. तीन लिटरचा छोटा प्रेशर कुकर मात्र न्याच, गॅस वाचतो आणि खिचडी वीस मिनिटांत होते.

सावधान: क्रोएशियात २०२३ पासून दुकानांना वर्षातले फक्त १६ रविवार उघडी ठेवायची परवानगी आहे. शनिवारी खरेदी राहिली तर रविवारी शटर बंद दिसू शकतं. त्यामुळे शनिवारी सकाळीच दोघातिघांनी सुपरमार्केटला जायचं: पाणी, दूध, अंडी, ब्रेड, कांदे-बटाटे, लोणी (तूप कढवायचं असेल तर बिनमिठाचं), टॉयलेट पेपर, कचऱ्याच्या पिशव्या, भांडी घासायचा साबण. भाजी त्रोगीरच्या पुलाजवळच्या मंडईत छान मिळते. सगळं पहिल्याच दिवशी भरू नका, बेटांवर दुकानं आहेत, पहिल्या तीन दिवसांचं पुरे. पाण्याच्या बाटल्या मात्र जास्त घ्या, टाकीचं पाणी धुण्यासाठी वापरायचं.

शाकाहारी मंडळींना कोनोबात, म्हणजे तिथल्या घरगुती खाणावळीत, ब्लित्वा मागता येईल. चार्डची पालेभाजी, बटाटा, लसूण, ऑलिव्ह तेल, आपल्या जिभेला लगेच पटते. भाज्यांच्या रिसोतोत माशाचं पाणी घातलंय का ते विचारा. पेका, म्हणजे निखाऱ्यांच्या झाकणाखाली शिजवलेलं मांस किंवा ऑक्टोपस, खायचा असेल तर काही तास आधी फोन करून सांगावा लागतो.

८. चेक-इन: इथे घाई केली की डिपॉझिट जातं

बोट साधारण शनिवारी संध्याकाळी पाचला ताब्यात मिळते. सगळे थकलेले असतात, पोरं पाण्यात उतरायला आतुर, आणि बेसचा, म्हणजे चार्टर कंपनीच्या धक्क्यावरचा, माणूस हातात यादी देऊन "इथे सही करा" म्हणतो. सही करायच्या आधी दीड तास द्या. स्किपर असला तरी करारावर नाव तुमचं आहे, डिपॉझिट तुमचं आहे.

एकाने मोबाइलवर सलग व्हिडिओ काढत बोटीभोवती फिरायचं. धक्क्यावरून दोन्ही बाजू, मागचा भाग, पुढचा नांगर जिथे टेकतो ती जागा, डिंघीचा तळ. प्रत्येक ओरखडा यादीत लिहून घ्या, "हे जुनं आहे, काळजी नको" हे तोंडी चालत नाही. दुसऱ्याने स्किपरबरोबर खालच्या गोष्टी चालवून बघायच्या, नुसत्या बघायच्या नाहीत:

- इंजिन पुढे-मागे गिअरमध्ये, आणि इंजिन गार ठेवणारं पाणी बाहेर पडतंय ना ते
- नांगराचं विंच, म्हणजे नांगर सोडायचं-ओढायचं यंत्र, खाली आणि वर दोन्ही
- बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा), सगळे दिवे, रेडिओ
- प्रत्येक टॉयलेट, आणि होल्डिंग टँकची, म्हणजे मैला साठवायच्या टाकीची, झडप कुठे उघडते-बंद होते
- डिंघीचं इंजिन, खरंच सुरू करून
- गॅसची मुख्य कळ, सिलेंडर भरलेला आहे का
- फ्रिज गार होतोय का
- डिझेल आणि पाण्याच्या टाक्या काठोकाठ आहेत का

लाइफ जॅकेट प्रत्येकाने अंगावर घालून पट्टे आपल्या मापाचे करून ठेवायचे. मुलांच्या मापाची हवी असतील तर वजन आणि वय महिनाभर आधी कळवा, आयत्या वेळी मोठ्यांची मिळतात आणि ती मुलांच्या डोक्यावरून निसटतात. लहान मूल असेल तर कठड्याभोवती जाळी लावून मागता येते. अग्निशामक कुठे, तराफा कुठे, रेडिओवर आणीबाणीचा १६ नंबरचा चॅनल कसा लावायचा, हे स्किपरशिवाय आणखी दोघांना तरी माहीत हवं. समुद्रातल्या मदतीसाठी क्रोएशियाचा फोन नंबर १९५ आहे, नेहमीचा आणीबाणीचा ११२.

सावधान: पहिली रात्र बोटीवरच, पण धक्क्यालाच काढा. संध्याकाळी सातला निघून अंधारात अनोळखी खाडी शोधण्यात काही अर्थ नाही.

९. मार्ग ठरवताना

कागदावर सात रात्री दिसतात. पहिली धक्क्यावर जाते आणि शेवटच्या रात्री, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी, बोट परत बेसला हवी असते. हातात राहतात रविवार ते शुक्रवार. शिडाची बोट ताशी पाच-सहा सागरी मैल जाते, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वीस मैल म्हणजे चार तास. त्यापेक्षा जास्त रोज ठेवलंत तर पोहणं, जेवण, गाव बघणं यातलं काहीतरी मारलं जातं. दुब्रोवनिकला जाऊन परत येऊ, हे आठवड्यात सोडा.

जमणारा एक आराखडा असा: रविवारी द्रव्हेनिक वेली बेटाजवळच्या क्र्क्न्याशीच्या निळ्या पाण्यात पोहा आणि शोल्ताच्या मास्लिनित्साला किंवा शेजारच्या शेशुला खाडीत मुक्काम. सोमवारी विस गाव, वीस मैलांच्या आसपास, आठवड्यातला लांबचा पल्ला हाच. मंगळवारी बेटाला वळसा घालून कोमिझा. बुधवारी सकाळी बिशेवोची निळी गुहा, मग पाक्लेनी बेटांवरच्या पाल्मिझानाला. गुरुवारी ब्राचचं मिल्ना, शुक्रवारी शोल्ता आणि ब्राचमधल्या खिंडीतून, तिला स्प्लिट्स्का व्राता म्हणतात, परत त्रोगीर.

निळ्या गुहेत तुमची बोट जात नाही, तिथे छोट्या होड्याच आत नेतात आणि आत पोहायला मनाई आहे. कोमिझात बोट बांधून ठेवून तिथूनच सहलीच्या होडीने जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. समुद्र खवळलेला असेल तर गुहा बंद असते, तेव्हा पोरांना आधीपासून वचन देऊ नका.

ह्वार गाव बघायचं असेल तर बोट तिथल्या धक्क्याला लावायचा हट्ट नको. जागा थोडी, गर्दी फार, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींच्या लाटांनी रात्रभर हेलकावे. पाल्मिझानाला बांधा आणि टॅक्सी-बोटीने संध्याकाळी ह्वारला जाऊन या.

वारे तीन ओळखून ठेवा. माएस्त्राल उन्हाळ्यातला दुपारचा, वायव्येकडून, संध्याकाळी पडतो, शिडासाठी तोच चांगला. जुगो आग्नेयेचा, हळूहळू वाढतो, ढग आणि मोठ्या लाटा घेऊन येतो आणि दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतो. बुरा मात्र डोंगरावरून ईशान्येकडून खाली कोसळतो, कधीकधी अगदी निरभ्र आकाशात, आणि त्याचे झोत जोराचे असतात. विसचा बंदर-भाग ईशान्येला उघडा आहे, कोमिझाचा पश्चिमेला. म्हणजे मुक्काम नकाशा बघून ठरत नाही, वारा बघून ठरतो. रोज सकाळी क्रोएशियाच्या हवामान खात्याचा, डीएचएमझेडचा, समुद्राचा अंदाज स्किपरबरोबर वाचा, आणि तो "आज इथेच थांबू" म्हणाला तर वाद घालू नका. "आपण पैसे भरलेत" हे वाक्य अशा वेळी बोलायचंच नाही.

तपासा: प्रत्येक मुक्कामाला एक पर्यायी खाडी ठरलेली आहे का? दुपारी तीनच्या आत जागा धरायची.

१०. बोटीवरचं रोजचं

पाणी ही पहिली भांडणाची जागा. टाकीत काही शे लिटर असतात, आठ जणांनी घरच्यासारखी अंघोळ केली तर दीड दिवसात संपतात. समुद्रात पोहायचं, मागच्या शॉवरने अंग नुसतं विसळायचं, नळ बंद करून साबण लावायचा. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात खंगाळून मग गोड्या पाण्यात.

टॉयलेटमध्ये कागद टाकायचा नाही, वाइप्स तर अजिबात नाही, पिशवीत टाका. जेट नसतो, त्यामुळे घरून एक प्लास्टिकचा मग न्या. टॉयलेट तुंबलं तर दुरुस्ती बहुधा तुमच्याच खर्चाने. टँक बंदरात किंवा पोहायच्या खाडीत सोडायचा नाही.

बोट धक्क्याला लागताना हात-पाय मधे घालून ती अडवायची नाही. कितीही हळू येत असली तरी काही टनांचं वजन आहे, बोटं चिरडतात. मधे घालायला फेंडर, म्हणजे धक्का झेलणारे फुगे, असतात. ज्यांना काम नेमून दिलेलं नाही त्यांनी बसून राहायचं आणि मुलांना खाली पाठवायचं.

पोहताना इंजिन बंद, शिडी खाली, आणि पाण्यात उडी मारायच्या आधी स्किपरला विचारायचं. पोहता न येणाऱ्यांनी जॅकेट घालून खुशाल उतरावं, त्यात संकोच कसला.

खाडीत बोयाला, म्हणजे तळाशी बांधलेल्या तरंगत्या गोळ्याला, बोट बांधलीत तर संध्याकाळी होडीतून माणूस पैसे घ्यायला येतो. रोख ठेवा आणि पावती मागा, पावती नसेल तर पैसे नाही. काही कोनोबांचे स्वतःचे बोये असतात, त्यांच्याकडे जेवलात तर बांधणं फुकट, पण ते आधी फोनवर ठरवून घ्या.

११. बोट परत देताना

शुक्रवारी दुपारी प्रत्येक बोटीला डिझेल भरायचं असतं, त्यामुळे पंपावर रांग लागते. सकाळी लवकर निघा, दुपारच्या आत पंप गाठा, पावती ठेवा. उशीर झाला तर दंडाची तरतूद करारात असते.

संध्याकाळी बेसचा माणूस तपासायला येतो, कधीकधी पाणबुड्या तळही बघतो. काही तुटलं, हरवलं असेल तर स्वतःहून सांगा. पाण्यात पडलेलं विंचचं हँडल किंवा फेंडर लपवला तरी यादीत सापडतोच, आणि मग बाकीच्या ओरखड्यांवरही तुमच्या बोलण्यावर विश्वास राहत नाही. उलट नसलेला डाग तुमच्या नावावर लावत असतील तर शनिवारचा व्हिडिओ तिथेच उघडून दाखवा. डिपॉझिट सोडल्याचा कागद सहीसकट घेतल्याशिवाय मरीना सोडू नका. कार्डावरचा ब्लॉक उठायला बँकेप्रमाणे काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागू शकतात.

स्किपरला टिप द्यायची असेल तर शुक्रवारी रात्री, रोख. आणि शनिवारी सकाळी निघताना गाद्यांखाली, बाकांच्या कप्प्यांत आणि फ्रिजच्या तळाशी एकदा हात घालून बघा, पासपोर्टचं पाकीट बहुतेक वेळा चार्ट टेबलाच्या, म्हणजे सागरी नकाशांच्या टेबलाच्या, झाकणाखाली राहिलेलं असतं.